मधोमध बंद पडणारं इंजन

आमच्या बोटीचं इंजन मुळात बोटीचं नव्हतंच. ते विहिरीवरचं होतं. धरण झालं, तेरणा नदीचं पाणी मागं पसरत पसरत आमच्या मळ्यात आलं आणि विहीर त्याच्याखाली गेली. इंजन तेवढं अप्पांनी वेळेवर बैलगाडीत घालून वर आणलं. दोन वर्षं ते गोठ्यात पोत्याखाली बसून होतं. मग हळूहळू सगळ्यांच्या ध्यानात आलं की गावाची अर्धी शिवारं पलीकडच्या काठाला राहिली आहेत आणि रस्त्यानं वळसा घालून तिकडं जायचं तर नुसत्या जाण्यातच अर्धा दिवस मोडतो. तेव्हा अप्पांनी पत्र्याची बोट बांधून घेतली आणि तिच्या पोटात ते विहिरीचं इंजन बसवलं. "जन्मभर पाणी उपसलं, आता बसलंय पाण्यावर हवा खात," असं अप्पा त्याच्याबद्दल म्हणायचे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल बोलावं तसं.

ते बसवून दिलं लोहाऱ्याच्या हुसेनमामांनी. मामा म्हणजे नात्यातले नव्हेत. माझ्या आईचं, अव्वाचं, माहेर लोहाऱ्याचं आणि हुसेनमामांचं घर त्याच गल्लीत. अव्वा त्यांना भाऊ म्हणायची, ते तिला अक्का म्हणायचे, म्हणून आम्हां लेकरांचे ते मामा. आमच्या घरात कानडी आणि मराठी एकाच ताटात असायची. मामा आले की त्यात त्यांची दखनी मिसळायची. लोहाऱ्याहून जीपमध्ये कोंबून सास्तूरपर्यंत आणि तिथून मिळेल त्या बैलगाडीनं किंवा मोटरसायकलवर मागं बसून ते यायचे. पाने-पेचकस गुंडाळलेलं कॅनव्हासचं भेंडोळं लेकराला घ्यावं तसं मांडीवर धरलेलं असायचं. घरात आले की आधी हात धुवायचे, मग अव्वाला विचारायचे, "अक्का, येसर है ना?" अव्वाची येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या मसाल्याच्या पिठाची, आमटी आणि ज्वारीची कडक भाकरी हे त्यांचं ठरलेलं. भाकरी चुरून, आमटी वरून ओतून, कांदा फोडून ते मन लावून जेवायचे. अव्वा समोर बसून लोहाऱ्यातल्या एकेका घराची चौकशी करायची. तिचं माहेरपण वर्षातून चार-पाच वेळा असं जीपमधून घरी यायचं.

हे प्रकरण मी याआधी तीनदा लिहायला घेतलं आणि तीनही वेळा येसराच्या आमटीपाशी येऊन दुसरंच काहीतरी लिहून उठले. या वेळी उठणार नाही.

त्या काळी आमच्या घराला घड्याळ होतं, पण अव्वाचा दिवस बोटीवर चालायचा. बोट सकाळी दुधाचे कॅन आणायला पलीकडे जायची, मग माणसं ने-आण, संध्याकाळी शेवटची फेरी. इंजनाचा टुकटुक आवाज पाण्यावरून थेट चुलीपर्यंत यायचा. परतीची बोट बुडालेल्या बाभळींच्या पुढं आली की आवाज बदलतो, थोडा मोकळा होतो, हे अव्वाला कळायचं. आवाज बदलला की ती तवा ठेवायची. बोट काठाला लागून, दोर बांधून आम्ही वर येईपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची. एकदा मी विचारलं, "अव्वा, तुला कसं गं कळतं?" तर म्हणाली, "तुझा अप्पा खोकला तर कळतं मला, इंजन तर त्याच्यापेक्षा मोठ्यानं खोकतंय."

मी तेव्हा बारावी होऊन घरी होते. पुढं शिकायला धाराशिवला पाठवायचं की स्थळं बघायची, यावर घरात उघड बोलणं होत नव्हतं. पण दोन्हींकडचे कागद कोनाड्यात एकत्र ठेवलेले असायचे. तोवर मी बोटीवर. दोर टाकणं, तळातलं पाणी डब्यानं उपसणं, म्हाताऱ्यांना हात देणं. इंजनाला हँडल मारायला अप्पा द्यायचे नाहीत. "उलटा झटका बसला तर मनगट जाईल," म्हणायचे, आणि हळू आवाजात, "मग कोण करून घेईल तुला." मला मात्र त्या इंजनाचं वेड लागलं होतं. हुसेनमामांना ते कळलं होतं. ते लांब पेचकसाचं टोक इंजनावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. मग पेचकस माझ्या हातात द्यायचे. "सुन. आधी ऐकायचं बेटा, मग उघडायचं. न ऐकता उघडतो तो मिस्त्री न्हाय, कसाई."

त्या वर्षी पोळ्यानंतर मामांनी इंजन पुरतं खोललं. आमच्या ओसरीवर जुनी चादर पसरून त्यावर एकेक भाग मांडला. रॉकेलचा वास पंधरा दिवस आमच्या कपड्यांना, भाकरीला, अव्वाच्या पदराला येत होता. फिल्टर नवा, वॉशर नवे आणि नोझल नवं. नोझल म्हणजे ज्यातून डिझेलची बारीक फवार इंजनाच्या पोटात उडते तो बोटभर भाग. ते मामांनी लोहाऱ्याहून आणलं होतं, तेलकट कागदात बांधलेलं. "कांता बेटा, कागद तू फाड," म्हणाले. मी फाडला. चकचकीत होतं, हाताला गार लागलं. हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवते. तो कागद मी माझ्या हातानं फाडला.

इंजन असं गाऊ लागलं की नागनाथकाका, पलीकडून दूध आणणारे, म्हणाले, "मिस्त्री, याला आता लगनात वाजवायला न्या." मामा लाजले आणि हसले. त्यानंतर आठवड्याभरात खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्याकडं सगळ्या अवजारांची पूजा. विळे, कुऱ्हाड, शिवणयंत्र, आणि अर्थातच इंजन. दरवर्षी अप्पा करायचे. त्या वर्षी मी हट्ट धरला की बोटीवर दिवसभर मी असते, तर इंजनाची पूजा मी करणार. अप्पा नेहमीसारखे ताट उचलायला गेले. अव्वाच म्हणाली, "पोरीनं केली म्हणून काय इंजन रुसतंय व्हय?" मी न्हाऊन, ताट घेऊन बोटीत उतरले. इंजनाच्या अंगावर तीन बोटांनी भस्माची इबूत ओढली, झेंडूचा हार घातला. देवाच्या कपाळासारखी जागा म्हणून मी डिझेलच्या टाकीचं झाकण निवडलं. ते सगळ्यात वर होतं, गोल होतं, पितळी होतं. पण झाकण डिझेलनं ओशट. कुंकू लावलं की घसरायचं, इबूत लावली की ओघळायची. मला ते अपशकुनासारखं वाटलं. मग मी पळत घरी गेले आणि अव्वाची मेणाची डबी आणली. अव्वा तिच्या आईसारखीच कपाळाला आधी मेण लावायची आणि त्यावर कुंकू, म्हणजे घामानं पसरत नाही. मीही झाकण पदरानं पुसलं, मधोमध मेणाचा चांगला थर दाबून बसवला आणि त्यावर रुपयाएवढं कुंकू रेखलं. काय शोभलं म्हणून सांगू. अप्पांनी बघितलं आणि एवढंच म्हणाले, "इंजन सवाशीण दिसतंय." त्यांच्याकडून हे म्हणजे पुष्कळच. घरी शेंगाच्या पोळ्या होत्या, त्या मी त्या दिवशी चार खाल्ल्या. पूजा झालेल्या अवजाराला दसरा होईपर्यंत कुणी हात लावत नाही, म्हणून बोट बांधलेलीच होती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी इंजन मधोमध बंद पडलं.

अव्वानं मला नंतर सांगितलं की तिनं तवा ठेवला होता, आवाज बदलायची वाट बघत होती, आणि आवाज बदललाच नाही, गेलाच. तिच्या हातातली भाकरी तशीच वाळली. इकडं बोटीत अप्पांनी टाकीचं झाकण काढून बघितलं. डिझेल काठोकाठ. नळी बघितली, हवा धरली का बघितलं, काही नाही. झाकण लावलं, हँडल मारलं, आणि इंजन काही झालंच नाही अशा थाटात सुरू झालं. दुपारच्या फेरीला पुन्हा तेच. पाण्याच्या ऐन मध्यावर खुसखुस करून बंद. पुन्हा झाकण उघडून बघितलं, पुन्हा हँडल, पुन्हा चालू. "गरम झालं की बंद पडतंय, गार झालं की चालू," असा अप्पांनी निदानाचा पहिला शब्द टाकला आणि तोच पुढं सगळ्यांच्या तोंडी बसला.

निरोप गेला, हुसेनमामा आले. त्यांनी काठावर बोट बांधून इंजन लावलं. डिझेल कसं जातंय ते दिसावं म्हणून टाकीचं झाकण काढून बाजूला ठेवलं. झाकण काढताना ते कसे काढायचे ते माझ्या डोळ्यापुढं आहे: दोन बोटांनी, फक्त कडेला धरून, कुंकवाला धक्का न लागता. आणि पालथं न घालता, स्वच्छ फडक्यावर, कुंकू वर ठेवून. इंजन तासभर चाललं. मामा पेचकस कानाला लावून बसले होते, मी शेजारी. "सुन. कुठं काही आहे?" काही नव्हतं. अप्पा वैतागून म्हणाले, "तुमच्यापुढं बरं गुमान वागतंय. मदी गेलं की सगळे नखरे."

पहिल्या खेपेला मामांनी डिझेलवर संशय घेतला, कारण टाकी भरली की इंजन लवकर बंद पडायचं आणि अर्धी असली की उशिरा. त्यांनी डिझेल काढून बाटलीत उन्हाला धरलं. पाण्याचा थेंब नव्हता. दुसऱ्या खेपेला फिल्टर आणि नळ्या. प्रत्येक वेळी काठावर इंजन ठणठणीत आणि मध्यावर गप्प. मामांचं जेवण कमी झालं. येसराची आमटी पुढं ठेवून ते भिंतीकडं बघत बसायचे आणि मधेच म्हणायचे, "भरल्या टाकीला लवकर का?" अव्वा म्हणायची, "भाऊ, जेवा आधी. इंजन कुठं पळून चाललंय." ते म्हणायचे, "पळत न्हाय ना अक्का, तेच तर दुखणं हाय."

तिसऱ्या खेपेला अप्पा म्हणाले, "तुमीच बसा बोटीत. तुमच्यासमोर पडू द्या बंद." मामा बसले. परतीच्या वाटेला दुधाचे कॅन होते, नागनाथकाका होते, शेतावरून येणारी सात-आठ माणसं होती आणि वारा सुटला होता. बाभळींच्या अलीकडं इंजन बंद पडलं. मामांनी नेहमीच्या क्रमानं काम सुरू केलं. आधी टाकीचं झाकण काढून डिझेल बघितलं, मग नळी सैल केली, डिझेल धार लावून आलं. "डिझेल आता है. हवा न्हाय." तेवढ्या वेळात वाऱ्यानं बोट बुडालेल्या बाभळींत नेऊन घातली. पत्रा फांदीवर करकरला, बोट कलली, दोन कॅन आडवे झाले आणि पाण्यावर दूध पसरत गेलं. बायका ओरडल्या. कुणाला लागलं नाही, पण काठाला उतरताना एका म्हातारीनं सगळ्यांदेखत सांगितलं, "आजपासनं म्या न्हाय बसायची बाई या बोटीत. वळसा परवडला." तिच्या मागं आणखी दोघी तेच म्हणाल्या. बोटीवरच आमचं घर चालत होतं. ते असं एकेक पाऊल उतरून चाललेलं अप्पांना दिसलं.

घाटाच्या पायऱ्यांवर पंधरा-वीस माणसं होती. अप्पा मामांकडं वळले.

"नोझल नवं घातलं म्हणलात. नवं होतं का?"

"क्या बोलते अप्पा?"

"समद्यांना समजंल असंच बोलतोय. जुनं धुऊन बसवलं की असंच करतंय. गरम झालं की बंद."

"मी? तुमच्या इंजनात?"

नागनाथकाका कॅनातलं उरलेलं दूध बघत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "लोहाऱ्याचं नवं म्हंजे धुतलेलं जुनंच की." लोक हसले. दूध सांडल्याचा राग होता तो, दुसरं काही नव्हतं; पण हसले. मी तोंड उघडलं. मला म्हणायचं होतं, कागद मी फाडलाय. अप्पांनी नुसतं माझ्याकडं बघितलं आणि मी ते मिटलं.

मामांनी पाने एकेक करून भेंडोळ्यात घातले, नेहमीसारखे लहान ते मोठे. वर आले तेव्हा अव्वा दारात होती. तिनं धपाटे केले होते. "भाऊ, ऊटा माडि होग्री," म्हणाली, जेवून तरी जा. मामा थांबले, आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "आज नक्को अक्का."

पुढचे दोन दिवस आमच्या घरात भांड्यांचासुद्धा आवाज येत नव्हता. अप्पांनी धाराशिवहून दुसरा मिस्त्री बोलावला. तो तिसऱ्या दिवशी यायचा होता. आदल्या दिवशी दुपारी अप्पा एकटेच बोट घेऊन गेले, पुन्हा मध्यावर बंद पडली. या वेळी त्यांनी काहीसुद्धा उघडलं नाही. रागारागानं वल्ही मारत काठाला आणली आणि शेतात निघून गेले. दिवस कलताना मला म्हणाले, "उद्या मिस्त्री येतोय, टाकी भरून ठेव."

मी डबा घेऊन बोटीत उतरले. झाकण फिरेना. आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं. मी दोन्ही हातांनी जोर लावला आणि ते सुटताना 'सुस्स' असा लांब आवाज आला, हवा आत ओढली गेल्याचा. तेलाचा बंद डबा फोडताना अव्वा नेहमी दोन भोकं पाडायची, एक तेलाला, एक हवेला. एकच पाडलं तर तेल दोन थेंब येतं आणि थांबतं. मी झाकण आभाळाकडं धरून आतून बघितलं. मधोमध टाचणीएवढं भोक असणार हे तेव्हा कळलं, कारण तिथं एक लाल ठिपका होता आणि त्यातून उजेड येत नव्हता. केसातला आकडा काढून मी तो टोचला. मेणाची कुंकवानं माखलेली बारीक वळी बाहेर आली आणि त्या भोकातून संध्याकाळचं आभाळ दिसलं.

सगळं एकदम कळलं. टाकी भरलेली असली की आत हवेला जागा कमी, म्हणून लवकर बंद. बंद पडल्यावर प्रत्येक जण आधी झाकण उघडून डिझेल बघायचा, आणि त्या पहिल्या तपासणीनंच दुखणं बरं व्हायचं. काठावर मामा झाकण काढूनच इंजन लावायचे, म्हणून ते त्यांच्यापुढं कधी बंद पडलं नाही. आणि मामांच्या नजरेतून ते भोक सुटलं नसतंच कधी. पण त्यावर पूजेचं कुंकू होतं. आमच्यात पूजेचं कुंकू कुणी पुसत नाही, आपोआप जाईल तेव्हा जातं. अप्पांनी म्हणून हात लावला नाही. मामांनी तर लावलाच नसता. मी ज्या माणसाच्या कानानं ऐकायला शिकले, त्याला मीच माझ्या भक्तीनं बहिरं केलं होतं.

मी घरी निघाले ती सांगायलाच. खोटं लिहीत नाही. उंबऱ्यात आले तर अप्पा जेवत होते आणि अव्वाला म्हणत होते, "तुझ्या माहेरचा म्हणून डोळे झाकून हवाली केलं." अव्वा पाठ करून भाकरी थापत होती, तिची पाठ हलत होती. मला वाटलं, आत्ता सांगितलं तर अप्पांना त्याच पायऱ्यांवर उभं राहून हात जोडावे लागतील. आणि मला पुन्हा बोटीत कोण पाऊल टाकू देईल? पोरीनं पूजा केली आणि इंजन बसलं, एवढंच गाव म्हणेल. हे दुसरं कारण पहिल्यापेक्षा मोठं होतं. उद्या सांगू, मिस्त्री येऊन गेला की सांगू, असं म्हणून मी ताटावर बसले.

धाराशिवचा मिस्त्री आला, इंजन ऐकलंसुद्धा नाही, सरळ नोझल बदललं. बोट तीन वेळा पलीकडं जाऊन आली. एकदाही बंद पडली नाही. कशी पडणार? माझी गुपचूप केलेली दुरुस्ती मामांविरुद्धचा पुरावा होऊन बसली. अप्पांनी काढलेलं नोझल तळहातावर धरून घाटावर सगळ्यांना दाखवलं, "हे बघा, हे नवं म्हणं." त्या तळहातावरचं नोझल मी ओळखत होते. महिनाभराचंसुद्धा नव्हतं. माझ्यापासून दोन हातांवर होतं. मी दोर गुंडाळत राहिले.

त्यानंतर हुसेनमामा आमच्याकडं आले नाहीत. आजूबाजूच्या गावांतून त्यांना इंजनाची कामं येणं थांबलं, किंवा त्यांनीच घेणं थांबवलं, दोन्ही ऐकलं. पुढं ते लोहाऱ्यात स्टोव्ह आणि सायकली दुरुस्त करायचे. अव्वा माहेरी गेली की मागच्या गल्लीनं जायची, त्यांचं दुकान टाळून. येसराची आमटी घरात होत राहिली, पण ती कुणासाठी जास्त होईनाशी झाली. मी धाराशिवला शिकायला गेले, नोकरी लागली, लग्न झालं. पूल झाला, बोट काठावर गंजून गेली. आधी अव्वा गेली, मग अप्पा. दोघांनाही सांगितलं नाही. लोक मला अबोल म्हणतात. मी अबोल नव्हते हो, बारावीपर्यंत तोंड बंद नसायचं माझं.

मागच्या वर्षी लोहाऱ्याला गेले. मामा दुकानापुढं खुर्चीवर उन्हाला बसले होते, फार वाळलेले. ओळख सांगितली. "कांता? इंजनवाली?" म्हणाले. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. बसले असते तर सांगता आलं नसतं.

त्यांनी रागावण्याआधी प्रश्न विचारले. मेण किती होतं? झाकण पितळीच होतं ना? शेवटच्या दिवशी अप्पांनी मध्ये काही उघडलं नव्हतं, पक्कं? उघडताना आवाज आला? मी एकेक उत्तर देत गेले आणि त्यांचा चेहरा उजळत गेला. मग त्यांनी गुडघ्यावर थाप मारली. "भरल्या टाकीला लवकर! या अल्ला, झाकण!" आणि हसू लागले, खोकला येईपर्यंत. "मैं कैसा पोंछता बेटा, पूजा का कुंकू था. बराबर है, बराबर है. मी इतकी वर्षं नोझल खोलतोय मनात. झोपेत खोलतोय."

हसणं थांबलं. मला वाटलं आता माफ केलं म्हणतील, किंवा जा म्हणतील. मी रडत होते, त्याकडं त्यांनी लक्ष दिलं नाही.

"मी जुनं नोझल बसवलं न्हाय, हे मला ठाऊकच होतं," ते म्हणाले. "ज्याला ठाऊक होतं त्यालाच येऊन सांगितलंस, बेटा. ज्यांना ठाऊक न्हाय ते घाटावर होते."

मी तिथूनच गावची जीप धरली. आता घाटाकडं कुणी जात नाही. माणसं पुलाच्या तोंडाशी पारावर बसतात. त्या दिवशीच्या पायऱ्यांवरचे चार-पाच जण तरी हयात आहेत. नागनाथकाका होते, ऐंशीच्या घरात, काठीवर हनुवटी टेकून. त्यांच्याभोवती पाच-सहा माणसं. मी विचारलं, "काका, आमची बोट आठवती का?"

"बोट? व्हती की. तुझा अप्पा चालवायचा."

"तिचं इंजन बंद पडायचं, दसऱ्याच्या वक्ताला?"

त्यांनी आठवून बघितलं. "न्हाय बा. इंजनाचं काय ध्यानात न्हाय." मग काठी हलवत म्हणाले, "हां, ते एक ध्यानात हाय. लोहाऱ्याच्या मिस्त्रीनं नवं नोझल हाणून जुनंच बसवलं व्हतं."

बोट गेली होती, इंजन गेलं होतं, सांडलेलं दूधसुद्धा गेलं होतं. एवढंच राहिलं होतं.

मी सांगितलं. झाकण, मेण, कुंकू, आकडा, तळहातावरचं नोझल, मी फाडलेला कागद. काका मधेच "व्हय?" म्हणायचे. सगळं झाल्यावर त्यांनी मान हलवली. "मंजी तुझ्या अप्पानं गरिबाला उगंच चोर केलं म्हण की."

"अप्पानं न्हाय काका. मी."

मागून नुकताच कुणीतरी येऊन बसला होता, त्यानं शेजारच्याला विचारलं, "काय झालं ओ? कोण चोर?" शेजारचा सांगायला लागला, पण मी त्याला थांबवलं आणि पारावरून उठून, उभी राहून, पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.